लायब्ररीचं व्हर्जन बदललं आणि आपला कोड झोपला: रिलीज नोट नक्की कुणासाठी लिहितात?

रात्रपाळी

धागा तांत्रिक आहे. कंटाळा येणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर तक्रार नको.

जून २०२४ मध्ये नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) २.० आलं. १.० आलं होतं २००६ मध्ये, म्हणजे पहिला आकडा हलायला जवळजवळ अठरा वर्षं लागली. त्या आठवड्यात आमच्याकडे कोडच्या एकाही ओळीला कुणी हात लावला नव्हता, तरी बिल्ड पडली. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी) नमपायला वरची मर्यादा नव्हती, आणि ती फाइल लिहिणारे गृहस्थ कंपनी सोडून कधीच गेलेत. एरर अशी: नमपायच्या डीटाइपचा आकार बदललाय, बायनरी जुळत नसावी, सी हेडरनुसार ९६ अपेक्षित होते, ऑब्जेक्टकडून ८८ मिळाले. आणि हे कुठे, तर पांडाज (नमपायवर उभी असलेली डेटा हाताळायची लायब्ररी) इम्पोर्ट करतानाच! टीममध्ये स्टॅटिस्टिक्स शिकून आलेली एक मुलगी आहे. तिने विचारलं, "हे ९६ म्हणजे आपल्या कॉलम्सची संख्या का?" तिचं काय चुकलं सांगा.

मग रिलीज नोट उघडली. सगळं होतं हो त्यात, वर वेगळी मायग्रेशन गाइडसुद्धा होती. पण पानंच्या पानं, आणि बहुतेक सगळं "आम्ही काय काय बदललं" या चालीवर. मला हवं होतं "तुमचं काय पडेल आणि पडताना कसं दिसेल".

तर कंपॅटिबिलिटी मोडताना लायब्ररीवाल्यांनी ते सांगावं कसं? चांगल्या-वाईट रिलीज नोटांचे अनुभव लिहा. "व्हर्जन पिन करा" (म्हणजे एका ठराविक व्हर्जनलाच चिकटून राहा) हे सोडून काहीही चालेल.

उचापती

व्हर्जन पिन करा.

नेहा_नागपूर

पहिल्याच चेंडूवर विकेट. रुमाल टाकून ठेवते, संध्याकाळी सविस्तर लिहीन.

कंपायलर_काका

रात्रपाळी, ते ९६ आणि ८८ म्हणजे बाइट्स. पांडाजचा आतला भाग सी-सायथनमध्ये कंपाइल झालेला असतो. कंपाइल करताना नमपायचं हेडर सांगत होतं की डीटाइपचं स्ट्रक्चर ९६ बाइट्सचं आहे. चालवताना समोर आलं २.०, तिथे ते ८८ निघालं. फंक्शनांची नावं तीच, पायथन कोड तोच, पण मेमरीतला आराखडा वेगळा. याला एबीआय मोडणं म्हणतात. एपीआय (आपण कोडमध्ये लिहितो ती नावं-फंक्शनं) मोडलं तर कोड दुरुस्त करता येतो, एबीआय मोडलं तर पॅकेज नव्याने बांधून येईपर्यंत हात बांधलेले.

पण नमपायवाल्यांवर एवढं तोंडसुख नको. त्यांनी बीटा मार्चमध्येच काढला होता. २.० वर बांधलेलं पॅकेज जुन्या १.x वरही चालेल अशी सोय केली होती, म्हणजे पांडाजसारख्यांनी एकदाच बांधावं आणि दोन्हीकडे चालवावं. रफ नावाच्या लिंटरमध्ये (कोड तपासणारं टूल) एनपीवाय२०१ हा नियम आहे, तो जुनी नावं शोधून बदलूनही देतो. आणखी काय घरी येऊन सांगायचं?

रात्रपाळी

काका, सोय केली हे मान्यच. मी सांगण्याबद्दल बोलतोय. रफचा नियम ज्याला माहीत आहे तो मुळात अडकत नाही.

फ्रंटएंड_फेरीवाला

नोट वाचायला वेळ कुणाकडे आहे हो? आमच्या एका साध्या प्रोजेक्टचं नोड मॉड्यूल्स (लायब्रऱ्यांचं फोल्डर) उघडून बघा. त्यातली पाच-दहा नावं मी निवडलेली, बाकी शेकडो त्यांच्या मागून आलेली. त्या सगळ्यांच्या नोटा वाचायच्या तर पगार त्याचाच द्यावा लागेल.

म्हापसेकर

फेरीवाला +१. पायथनमध्येही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ २.१.० आलं आणि त्यातून सॉफ्ट_युनिकोड हे फंक्शन काढून टाकलं. मी आयुष्यात मार्कअपसेफ इन्स्टॉल केलेलं नाही. मी वापरतो फ्लास्क (वेबसाइट बनवायची लायब्ररी). फ्लास्कला लागतं जिंजा, जिंजाला लागतं मार्कअपसेफ. आमचं जिंजा जुनं २.x, ते सॉफ्ट_युनिकोड इम्पोर्ट करायला गेलं आणि अख्खी साइट उताणी. आता मार्कअपसेफने आधीच्या २.० मध्ये "हे जाणार आहे" अशी वॉर्निंग रीतसर दिली होती. ती दिली कुणाला? जिंजाला. जिंजाने नव्या व्हर्जनमध्ये ती ऐकलीही होती. मध्ये लटकलो आम्ही, जे जिंजा पिन करून बसलो होतो आणि मार्कअपसेफ मोकळं सोडलं होतं.

उचापती, पिन करा म्हणणं सोपं आहे. अर्धवट पिन हे न केल्यापेक्षा वाईट.

उचापती

म्हणून तर लॉकफाइल म्हणतात बाबा. सगळं झाड गोठवायचं, नुसती फांदी नाही.

जावा_पेठ

पायथनवाल्यांचं दुःख ऐकून बरं वाटलं. (दिवे घ्या.) आता आमचं ऐका.

जावामध्ये सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन ही सगळी मंडळी जावाएक्स या नावाखाली राहायची. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण जावाएक्स हे नाव पुढे बदल करून वापरण्याबाबत दोघांचं जमलं नाही. म्हणून २०२० च्या अखेरीस जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालं. नवीन सुविधा जवळपास शून्य, नुसतं नामांतर. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) ३.० आलं आणि तिथे दुसरा पर्यायच उरला नाही. जोडीला किमान जावा १७.

आमचा क्लायंट एक बँक. नाव विचारू नका. एका उत्साही भिडूने पूर्ण प्रोजेक्टवर फाइंड-रिप्लेस मारलं: जिथे जावाएक्स तिथे जकार्ता. झालं काय, की जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.क्रिप्टो हे जेडीकेचे (जावाच्या मूळ संचाचे), ते कुठेही गेलेले नाहीत. त्यांचंही जकार्ता झालं. हजारो एरर्स. तरी ते बरं, कारण कंपायलर ओरडला. खरी गंमत टॉमकॅट १० या सर्व्हरवर. तिथे जुनी वॉर फाइल (जावा ॲपचं गाठोडं) टाकली तर ॲनोटेशनवाले सर्व्हलेट जुन्या नावाचे म्हणून त्याला दिसतच नाहीत. सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो, लॉग स्वच्छ, आणि ब्राउझरमध्ये ४०४. माणूस यूआरएल तपासत बसतो. जुन्या वॉर फाइलसाठी टॉमकॅट १० मध्ये वेबॲप्स-जावाईई असं फोल्डर ठेवलंय, त्यात टाकली की तो आपोआप रूपांतर करून घेतो. हे मायग्रेशन गाइडमध्ये लिहिलंय. पण ४०४ दिसल्यावर मायग्रेशन गाइड कोण उघडतो? ४०४ म्हटल्यावर माणूस स्वतःच्या राउटिंगकडेच बघणार ना.

रात्रपाळी

जावा_पेठ, मी म्हणतोय ते हेच. गाइडमध्ये "पॅकेजचं नाव बदललं" असतं. "लॉग स्वच्छ राहील, पण ४०४ येईल" असं कुठे नसतं.

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एकदा लिहिलं होतं, "टाकीच्या व्हॉल्व्हचे काम उद्या ९ ते १." नळाला पाणी येणार नाही हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. रिलीज नोटा तशाच असतात.

उचापती

तुमच्या सोसायटीत काम निदान १ वाजता संपलं का?

फुकटफौजदार

मी एका छोट्या पायथन लायब्ररीचा मेंटेनर (ती सांभाळणारा) आहे (नाव सांगत नाही, लगेच इशू उघडाल). दुसरी बाजू मांडतो.

"काय पडेल ते लिहा" म्हणणं सोपं आहे. तुमचं काय पडेल हे मला कळणार कसं? मी काय बदललं तेवढंच मला माहीत असतं. तुम्ही माझी लायब्ररी कुठे, कशी, कुठल्या कोपऱ्यातून वापरता हे मला पहिल्यांदा कळतं ते तुमच्या शिव्यांमधून.

शिवाय आम्ही आधी सांगतच नाही असं नाही. पायथनमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंग ("हे पुढे जाणार आहे" अशी सूचना) असते. पण २.७ आणि ३.२ पासून ती डीफॉल्टने लपवलेली आहे. ३.७ मध्ये थोडी ढील दिली, तीही फक्त तुमच्या थेट चालवलेल्या स्क्रिप्टपुरती. लायब्ररीच्या आत उठलेली वॉर्निंग अजूनही गिळली जाते. पायटेस्ट ती शेवटी गोळा करून दाखवतं, पण वर "सगळ्या टेस्ट पास" हिरव्या अक्षरात दिसलं की पुढचं कोण वाचतं? मी दोन-दोन वर्षं वॉर्निंग ठेवून मग फंक्शन काढतो आणि पहिला इशू येतो: "कसलीही पूर्वसूचना न देता…"

नेहा_नागपूर

फुकटफौजदार, आयडी अगदी समर्पक.

सविस्तर लिहीन म्हटलं होतं, तर घ्या. चांगलं उदाहरण माझ्या मते एसक्यूएलअल्केमी, डेटाबेसशी बोलणारी पायथन लायब्ररी. २.० आलं जानेवारी २०२३ मध्ये. त्याच्या आधीच्या १.४ मध्ये त्यांनी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं होतं, एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_२०. ते १ करून आपल्या टेस्ट चालवायच्या. २.० मध्ये जे-जे मोडणार त्या प्रत्येक ठिकाणी वॉर्निंग, आणि वॉर्निंगचं नावच "रिमूव्हड इन २०". म्हणजे नोट वाचून अंदाज बांधायचा नाही. तुमच्याच कोडवर, तुमच्याच ओळीचा नंबर घेऊन यादी हातात. आम्ही स्प्रिंटमध्ये थोड्या-थोड्या करत यादी रिकामी केली आणि अपग्रेडच्या दिवशी काहीच घडलं नाही. तेव्हा "माझ्या लायब्ररीने तुमचं काय पडेल ते मला कळत नाही" हे पूर्ण खरं नाही. तुम्हाला कळत नसेल, पण आमच्या मशीनवर तुमचा कोड चालतो, त्याला कळतं.

उलट पिडॅन्टिक, डेटा तपासून घेणारी लायब्ररी. जून २०२३ मध्ये दुसरं व्हर्जन आलं. डिक्टच्या जागी मॉडेल_डंप वगैरे ठीक आहे, जुन्या नावावर वॉर्निंग येते. जाच झाला तो ऑप्शनलचा. आधी फील्ड ऑप्शनल लिहिलं की डीफॉल्ट नन ("काहीच नाही") धरलं जायचं. नव्यात डीफॉल्ट स्वतः लिहावा लागतो, नाहीतर फील्ड अनिवार्य. कोडमध्ये काही लाल होत नाही, मोडतं ते कुणी तरी ते फील्ड न पाठवता रिक्वेस्ट केली की. मायग्रेशन गाइडमध्ये हे लिहिलेलं आहे, अगदी तक्त्यासकट, नाही असं नाही. पण नावं बदलणं आणि अर्थ बदलणं हे दोन्ही एकाच सुरात सांगितलं की वाचणारा नावांवरच अडकतो. एक गोष्ट मात्र छान केली: जुनं पूर्ण व्हर्जन नव्याच्या पोटात पिडॅन्टिक.व्ही१ म्हणून ठेवलं. एकेक फाइल करत सरकता आलं.

फुकटफौजदार

नेहाताई, मुद्दा मान्य. एसक्यूएलअल्केमीवाल्यांची चिकाटी मात्र सगळ्यांकडे नसते. मी हे शनिवारी करतो, मुलीचा कथकचा क्लास सुरू असतो तेव्हा, बाहेर गाडीत बसून.

लासलगावी

वाचनमात्र असतो, पण या विषयावर राहवेना.

आमचं सॉफ्टवेअर बाजार समित्यांसाठी आहे. बॅकएंड जावामध्ये, लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी-भारत, कारण पावत्या मराठीत. जावा ८ वर वर्षानुवर्षं सुरळीत. मग ११ वर गेलो. कंपाइल झालं, टेस्ट पास झाल्या, लाइव्ह गेलो. दोन-तीन दिवसांनी एका समितीतून फोन: "जुन्या पावत्या सापडतात, नव्या सापडत नाहीत."

पावती क्रमांक स्ट्रिंग.फॉरमॅट वापरून बनायचा आणि टेक्स्ट कॉलममध्ये जायचा. जावा ८ च्या स्वतःच्या लोकेल डेटामध्ये मराठी नव्हतंच, हिंदी होतं. म्हणून मराठी मागितलं की मुकाट इंग्रजी अंक यायचे. जावा ९ पासून लोकेलचा डेटा डीफॉल्टने सीएलडीआरमधून (युनिकोडवाल्यांचा भाषा-प्रदेशांच्या माहितीचा संच) येऊ लागला. सीएलडीआरमध्ये मराठी आहे आणि मराठीचे डीफॉल्ट अंक देवनागरी आहेत. झालं! डेटाबेसमध्ये पावत्यांच्या अर्ध्या ओळी इंग्रजी अंकांत, अर्ध्या देवनागरीत. ऑपरेटर कीबोर्डवर इंग्रजी अंक टाइप करणार, नव्या पावत्या सापडणार कशा?

आणि टेस्टमध्ये सापडलं नाही याचं कारण आणखी मजेशीर. आमच्या टेस्ट पावती क्रमांक परत वाचून इंटिजर.पार्सइंटमधून काढायच्या. पार्सइंटला देवनागरी अंक चालतात! १०४५ देवनागरीत द्या, इंग्रजीत द्या, उत्तर तेच. सगळ्या टेस्ट हिरव्यागार.

आता रिलीज नोटचं. होतं ना त्यात. "सीएलडीआर लोकेल डेटा डीफॉल्टने चालू" अशा अर्थाचं वाक्य, जेईपी (जावातल्या बदलाचा प्रस्ताव) क्रमांक २५२. टीममध्ये सीएलडीआर म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीचा आपल्याशी संबंध आहे असं कुणाला वाटणार? "तारखा, आकडे, महिन्यांची नावं वेगळी छापली जातील, ती कुठे साठवत असाल तर तपासा" एवढं ठळक असतं तर मीच थांबलो असतो.

उपाय: लोकेलच्या टॅगमध्ये यू-एनयू-एलएटीएन जोडलं, मराठी राहते आणि अंक इंग्रजी येतात. मशीनसाठीच्या क्रमांकांना तर लोकेल रूट. जुना डेटा परत आणणारा कॉम्पॅट फ्लॅगही होता, पण तो जेडीके २३ मध्ये काढून टाकलाय. त्यावर विसंबून कुणी बसलं असेल तर आत्ताच हला.

वाचनखूण

लासलगावी, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे. ॲन्ड्रॉइडवर हेच होतं. फोनची भाषा मराठी ठेवली की निष्काळजीपणे फॉरमॅट केलेले आकडे देवनागरीत सर्व्हरला जातात. लिंट त्याबद्दल "डीफॉल्ट लोकेल" म्हणून पिवळी रेघ मारतं. बेंगळुरूच्या टीममध्ये ती रेघ कुणी मनावर घेत नाही, कारण सगळ्यांचे फोन इंग्रजीत.

म्हापसेकर

आणि पुण्याच्या टीममध्ये?

वाचनखूण

तिथेही इंग्रजीतच. मराठीत फक्त आईचा फोन.

एडिसनवाली

सीएलडीआरचा विषय निघालाच आहे तर त्याचाच पुढचा भाग. आमच्याकडे एका इन्शुरन्स क्लायंटच्या टेस्ट जेडीके २० वर फुटल्या. अपेक्षित "३:१५ पीएम", मिळालं "३:१५ पीएम". दोन्ही ओळी एकाखाली एक, डोळ्यांना अगदी तंतोतंत. मी चष्मा पुसला. शेवटी हेक्समध्ये बघितलं तर वेळ आणि पीएम यांच्यामधली स्पेस वेगळी! सीएलडीआर ४२ ने तिथे साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस आणली, युनिकोड २०२एफ. छापायला सुंदर, पार्स करायला काळ. क्रोम ११० मध्येही ती आली होती आणि इतक्या साइट मोडल्या की क्रोमच्या व्ही८ इंजिनवाल्यांनी ती परत साध्या स्पेसमध्ये बदलली.

रात्रपाळींचा मुद्दा इथे आणखी टोकाला जातो, कारण लक्षण लिहायचं तरी कसं? "दोन सारख्याच दिसणाऱ्या ओळी सारख्या नाहीत असं टेस्ट म्हणेल." खरं तर अगदी हेच वाक्य लिहायला हवं होतं.

कंपायलर_काका

या दोन्ही गोष्टींत कुणी कुठला करार मोडलेला नाही. फॉरमॅट केलेली तारीख परत पार्स होईल असं कुणी म्हटलं होतं? गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावाने नियमच आहे: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही लेखी काय कबूल केलंय याला अर्थ उरत नाही, बाहेरून जे-जे दिसतं त्या सगळ्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं.

२०१० चा किस्सा. ग्लिबसीमध्ये (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) मेमरी कॉपी करणारं मेमकॉपी जलद केलं, काही प्रोसेसरांवर ते शेवटाकडून मागे कॉपी करू लागलं. मेमकॉपीच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय की दोन्ही जागा एकमेकांवर चढलेल्या असतील तर हे वापरू नका, मेममूव्ह वापरा. ॲडोबीच्या ६४ बिट फ्लॅश प्लेयरने ते पाळलं नव्हतं. फेडोरा १४ वर फ्लॅशचा आवाज खरखरायला लागला. नियमाने चूक कुणाची? ॲडोबीची. पण लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हल्डस त्या बगवर येऊन ग्लिबसीवाल्यांशीच भांडला, की वापरणाऱ्याला फ्लॅश चालत नाही एवढंच दिसतं. शेवटी २.१४ मध्ये त्यांनी सिम्बॉलचं व्हर्जनिंग केलं: जुन्या बायनरीला जुनं, सुरक्षित वागणं, नव्याने कंपाइल करणाऱ्याला नवं. मला हीच खरी सभ्यता वाटते. रिलीज नोट लिहायची वेळच येऊ नये.

जावा_पेठ

काका, लिनक्स कर्नलला ते परवडतं. तिथे यूजरस्पेस मोडलं तर लिनस डिसेंबर २०१२ मध्ये झापला तसा मेलिंग लिस्टवर सगळ्यांसमोर झापतो. आमच्या फौजदारांनी गाडीत बसून किती जुनी वागणूक सांभाळायची?

नेहा_नागपूर

गो भाषेने उलटी युक्ती केली ती मला आवडते. मॅपवर लूप फिरवला की क्रम मुद्दाम दर वेळी वेगळा. म्हणजे त्या क्रमावर कुणाला विसंबताच येत नाही. पुढे बदलायचं असेल तर मोडण्यासारखं काही शिल्लकच नाही.

फ्रंटएंड_फेरीवाला

आपण मूळ प्रश्नावरून भरकटलोय, पण माझ्याकडे खरंच चांगल्या रिलीज नोटचं उदाहरण आहे.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) १७, ऑक्टोबर २०२१. त्यात ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३.० आलं. वेबपॅक ४ (फ्रंटएंडचा कोड एकत्र बांधणारं टूल) आतल्या आत हॅशसाठी एमडी४ वापरायचं, आणि ओपनएसएसएल ३ ने एमडी४ ला लेगसी कप्प्यात टाकलं. रिॲक्टचे जुने प्रोजेक्ट एका रात्रीत बंद. पण नोडवाल्यांनी घोषणेतच लिहिलं होतं: तुम्हाला ईआरआर_ओएसएसएल_ईव्हीपी_अनसपोर्टेड ही एरर आली, तर तुमचा ॲप किंवा त्याचं एखादं मॉड्यूल आता परवानगी नसलेला अल्गोरिदम वापरत असण्याची शक्यता आहे, तात्पुरता उपाय म्हणून हा फ्लॅग. एररचं नाव जसंच्या तसं! सर्चमध्ये टाकलं की उत्तर समोर. रात्रपाळी, तुम्हाला हवंय ते हेच ना?

रात्रपाळी

हेच! "काय पडेल" आणि "एखादं मॉड्यूल" दोन्ही. तुमचा स्वतःचा कोड नसेलही हे त्यांनी गृहीत धरलंय.

म्हापसेकर

थांबा. त्याचा परिणाम काय झाला तेही बघा. तो ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर फ्लॅग लोकांनी पॅकेज.जेसनच्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये चिकटवला आणि विसरले. आजही इंटरव्ह्यूला येणाऱ्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये तो दिसतो. विचारलं हा कशाला, तर "याशिवाय चालत नाही सर". लक्षण आणि गोळी एकाच ओळीत दिली की निदान कुणी करत नाही.

फ्रंटएंड_फेरीवाला

मग काय, रडत बसायचं? गोळी नसती दिली तर लोकांनी नोड १६ वर मुक्काम ठोकला असता. काहींनी ठोकलाच.

एडिसनवाली

मुक्काम ठोकण्यावरून: डिसेंबर २०२१, लॉग४जे (जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी) मधलं सुरक्षेचं भगदाड. २.१५, मग २.१६, मग २.१७, सगळं आठवडा-दहा दिवसांत. जे लोक वर्षानुवर्षं पिन करून "स्थिर" होते त्यांना तीन-चार वर्षांचे बदल ख्रिसमसच्या सुट्टीत एकदम गिळावे लागले. २.१६ मध्ये तर मेसेजमधले लुकअप सरळ काढूनच टाकले, वागणूक मोडली, आणि कुणीही हूं की चूं केलं नाही. कारण का मोडतोय हे पहिल्या वाक्यात लिहिलेलं होतं.

उचापती

मी पिनचा आद्य प्रचारक, तरी सांगतो: ॲप असेल तर पिन, लायब्ररी असेल तर वरची मर्यादा जपून. प्रत्येक लायब्ररीने "नमपाय २ पेक्षा कमी" असं लिहिलं तर एक दिवस दोन लायब्रऱ्या एकमेकींना नकार देतात आणि व्हर्जनं जुळवणारा रिझॉल्व्हर बसतो विचार करत.

वाचनखूण

एक बालसुलभ प्रश्न. सेमव्हर (व्हर्जनच्या आकड्यांचा संकेत) असताना नोट वाचायचीच कशाला? पहिला आकडा वाढला तरच मोडणार, नाही का?

नेहा_नागपूर

तसं असतं तर हा धागा निघालाच नसता. नमपायने एनपी.फ्लोट हे टोपणनाव जानेवारी २०२१ मध्ये १.२० ला डेप्रिकेट केलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये १.२४ ला काढलं. दोन्हीकडे पहिला आकडा १. पायथन स्वतः: डिस्ट्युटिल्स ३.१२ मध्ये गेलं, पहिला आकडा ३. ही मंडळी सेमव्हर पाळतो असं म्हणतच नाहीत, त्यांचं डेप्रिकेशनचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि शून्याने सुरू होणारी व्हर्जनं सेमव्हरनुसारच मोकाट असतात, तिथे काहीही कधीही बदलू शकतं.

पण एनपी.फ्लोटवरून आठवलं, रात्रपाळींनी नमपायवर टीका केली आहे तर श्रेयही त्यांनाच द्या. १.२४ मध्ये एनपी.फ्लोट लिहिलं की नुसतं "असं काही नाही" म्हणून गप्प बसत नाही. एररमध्येच सांगतं: हे साध्या फ्लोटचं टोपणनाव होतं, नुसतं फ्लोट लिहा, वागणूक बदलणार नाही, नमपायचाच स्केलर हवा असेल तर फ्लोट६४ लिहा, १.२० मध्ये डेप्रिकेट झालं होतं, अधिक माहितीसाठी त्या रिलीज नोटचा हा पत्ता. नोट शोधत जावं लागत नाही, जिथे पडलात तिथेच ती उभी.

फुकटफौजदार

हे मात्र मी उचलतोय. फंक्शन काढल्यावर त्याच्या जागी मॉड्यूल-लेव्हल गेटॲट्र ठेवायचा आणि त्यातून नीट एरर द्यायची. पायथन ३.७ पासून जमतं, दहा-बारा ओळींचं काम. अर्थ बदलणाऱ्या गोष्टींना हे चालत नाही, लासलगावींच्या अंकांसारख्या. तिथे नोटच लागणार.

पुढच्या रिलीजमध्ये माझ्याकडे असा एक बदल आहे. रिड फंक्शन आतापर्यंत रिकाम्या सेलसाठी रिकामी स्ट्रिंग द्यायचं, आता नन देणार. नोटचा मसुदा इथेच टाकतो, फाडा:

"रिकाम्या सेलची किंमत आता नन. परिणाम: रिकामी स्ट्रिंग आहे का अशी थेट तुलना करणाऱ्या तुमच्या अटी कुठलीही एरर न देता खोट्या ठरतील. स्ट्रिंग जोडणाऱ्या ओळी टाइपएरर देतील. शोधण्यासाठी: आधीच्या व्हर्जनमध्ये स्ट्रिक्ट_एम्प्टी चालू करून टेस्ट चालवा, प्रत्येक जागी वॉर्निंग येईल. जुनं वागणं हवं असेल तर एम्प्टी पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्या. तो पॅरामीटर काढायचा विचार नाही. कारण: शून्य, रिकामं आणि 'माहिती नाही' यांतला फरक आतापर्यंत हरवत होता."

रात्रपाळी

फौजदार, हे मला वाचता येईल, आणि त्या स्टॅटिस्टिक्सवाल्या मुलीलाही. एकच: "एरर न देता" हे पहिल्या ओळीत आणा. मुकाट मोडणारं वर, ओरडून मोडणारं खाली.

लासलगावी

आणि सीएसव्ही लिहिताना नन काय छापणार तेही लिहा. आमच्याकडे कुणीतरी ती फाइल पुढे एक्सेलमध्ये उघडतंच.

फुकटफौजदार

अरे देवा. ते मी बघितलेलंच नाही. रिलीज पुढच्या शनिवारी.

उचापती

तोवर व्हर्जन पिन करा.